दादू हवालदारांचं लायसन

संध्याकाळी मी दुकानात दिवा लावला, की एक गृहस्थ पायऱ्या चढून यायचे, गादीवर अगदी माझ्यासमोर मांडी घालायचे, तोंड माझ्या नाकाजवळ आणायचे आणि "हाः" करायचे. मग विचारायचे, "सांगा अण्णा. हाय का वास?"

"नाही."

"मोठ्यानं सांगा की. गिऱ्हाइकांस्नीबी कळू द्या."

"नाही हो, वास नाही!"

"ठीक हाय. आगे बढ," असं स्वतःलाच फर्मावून ते उठायचे, टाचा जुळवून मला सलाम ठोकायचे आणि निघून जायचे. लुगडं घ्यायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हा कार्यक्रम वर्षभर चालला.

हे आमचे दादू हवालदार. मिलिटरीत ड्रायव्हर होते. एकाहत्तरची लढाई संपली, त्यानंतर वर्षभरात पेन्शन घेऊन पलूसजवळच्या आमच्या गावी परत आले. मी गावातला कापडदुकानदार. त्यांचं घर माझ्या दुकानाच्या पाठीला पाठ लावून. पण त्यांनी साक्षीला मला निवडलं ते शेजारी म्हणून नव्हे, जैन म्हणून. आमच्या घरात दारू तर सोडाच, कांदा-लसूणही येत नाही. त्यामुळे माझं नाक एकदम कोरं आहे आणि त्याला दारूचा वास चटकन लागणार, असा त्यांचा हिशेब. त्यात एकच अडचण होती आणि ती मी त्यांना कधी सांगितली नाही. दारूचा वास कसा असतो हेच मला माहीत नव्हतं. मला यायचा तो लसणाच्या चटणीचा.

हवालदारांचं सगळं जग म्हणजे एक मोटार होती. कोणी भेटलं तर "बरं आहे का?" असं ते विचारत नसत. विचारत, "गिअरमधी हाय का न्यूट्रलमधी?" सरपंच त्यांच्या मते "नुसता हॉर्न" होते. आमच्या हिला एकदा दम लागला, तर मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, वैनींचा रेडिएटर तापतोय. पानी बघा." मी डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टरांनीही पाणी भरपूर प्यायला सांगितलं. तेव्हापासून ही आजारी पडली की आधी हवालदारांना विचारू लागली आणि मला गप्प बसावं लागलं.

गावात जीप एकच, आबांची. आबा मोठे ऊसवाले बागाईतदार. त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप हौसेनं आणली, आणि ती चालवायला मिलिटरीचाच माणूस मिळाला. आबा मनानं मोठे. गावात कुणाच्याही मुलीचं लग्न झालं, की नवरीला सासरी सोडायला जीप फुकट. मग हवालदार इस्त्रीचा खाकी शर्ट घालून जीपला झेंडूच्या माळा बांधायचे. नवरी रडत मागे बसायची, तिची आई जीपमागे धावायची, आणि हवालदार सरळ समोर बघत गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचे. मिरज, कवठे, जतपर्यंत त्यांनी अशा कितीतरी पोरी पोचवल्या.

अशाच एका फेरीत घोटाळा झाला. सुतारांच्या मंगलला मिरजेला सोडून ते एकटेच परत येत होते. वाटेत कुठंतरी बसले. बसले ते चांगलेच बसले. माधवनगरला येईपर्यंत त्यांना झोप अनावर झाली, म्हणून शिस्तीत गाडी थांबवली. नेमकी एका गिरणीच्या फाटकासमोर, आणि तीही आडवी. मग त्यांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. कपाळ बरोबर हॉर्नच्या बटणावर. पाळी सुटायची वेळ. आतले कामगार आत, बाहेरचे बाहेर, मधे जीप बोंबलतेय आणि हवालदार घोरतायत. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं तेव्हा झोपेतच त्यांनी फौजदाराला सलाम केला म्हणे.

सांगलीच्या कोर्टात मी हजर होतो. हवालदार ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, गाडी हुबी हुती. हुब्या गाडीत बसायला लायसन लागत न्हाई."

"मग ती तिथपर्यंत आणली कोणी?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

हवालदारांच्या मानी स्वभावाला तो प्रश्न झोंबला. "मीच की! दुसरं कोण आणील? आमच्या गावात हाय कोण ड्रायवर?"

वकिलानं कपाळावर हात मारला. दंड झाला आणि लायसन वर्षभरासाठी गेलं. दंडाचं त्यांना काही वाटलं नाही. पण बाहेर आल्यावर वडाखाली बसले आणि म्हणाले, "अण्णा, आता सुमीचं कसं हुयाचं?"

सुमी म्हणजे सुमन, त्यांची एकुलती एक मुलगी. बायको ते फौजेत असतानाच गेली होती. घरात बापलेक दोघंच. सुमनचं लग्न जतकडच्या एका घरात ठरत आलं होतं आणि पुढच्या वैशाखात बार उडवायचा होता. मला वाटलं, गावच्या सगळ्या पोरी यांनी पोचवल्या, आता स्वतःच्या पोरीला नेऊन सोडायची वेळ आली आणि नेमकं लायसन गेलं, हे यांचं दुःख. साऱ्या गावाला तसंच वाटलं.

त्या दिवसापासून हवालदारांनी दारू सोडली आणि माझ्या नाकाला काम लागलं.

ते वर्ष आबांना फार जड गेलं. जीप त्यांना स्वतःला चालवावी लागली. आबा जीपला बैलासारखं "हो, हो!" म्हणून थांबवायला बघत आणि ब्रेकचं नंतर आठवे. शेजारी हवालदार. हातानं काही करायला मनाई, म्हणून पायानं मोकळ्या पत्र्यावर ब्रेक दाबत. एकदा आबा मला काकुळतीनं म्हणाले, "अण्णा, ह्याचं लायसन गेलंय, तोंड न्हाई गेलं. क्लच दाब म्हनं, सोड म्हनं. माझी आई एवढं बोलली नव्हती मला!"

चैत्रात वर्ष भरलं. पण मधल्या काळात लायसनची मुदतही संपली होती, त्यामुळे परीक्षा नव्यानं द्यायची होती. जीप सांगलीपर्यंत आबा चालवणार, हवालदार दाढी करून, मेडल लावून तयार. चारित्र्याचा साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. सांगलीच्या ऑफिसातले साहेब तरुण होते. त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

"कापडदुकानदार हायत," हवालदार म्हणाले.

"यांचं इथं काय काम?"

काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "मी यांचा वास घेतो."

साहेबांनी आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं आणि गाडीकडे चला म्हणून सांगितलं. आता बसायचं आणि चालवायचं, एवढंच काम. पण मिलिटरीत सकाळी गाडी हलवायच्या आधी ती सगळी तपासतात, त्याला म्हणे फर्स्ट परेड म्हणतात. हवालदारांनी फर्स्ट परेड सुरू केली. तेल बघितलं, पाणी बघितलं, चाकांचे नट एकेक करून आवळले, मग गाडीखाली शिरले. साहेब उन्हात उभे. हवालदार खालून ओरडले, "सायेब, पाना द्या वाईच!" साहेबांनी पाना दिला, आणि घड्याळ बघून जेवायला गेले ते परत आलेच नाहीत. शेवटी शिपायानं येऊन सांगितलं, पुढच्या आठवड्यात या.

तो आठवडा हवालदारांनी कसा काढला ते मी पाहिलंय. पाचपाच वेळा दुकानात येत. "वैशाख जवळ आला, अण्णा. न्हाई मिळालं तर?" त्यांचा चेहरा बघून माझी थट्टा करायची इच्छाच जाई. दुसऱ्या वेळी मात्र परेड घरूनच उरकून गेलो. हवालदारांनी दोन पिपांमधून जीप उलटी अशी काढली, की साहेब हसले आणि हात पुढे केला. लायसन मिळालं. आल्या आल्या गावभर पेढे वाटले. मलाही एक दिला आणि वर "हाः" केलंच.

वैशाखात सुमनचं लग्न झालं. शालू माझ्याच दुकानातला. जीपला माळा बांधल्या, सुमन रडत मागे बसली. सगळे हवालदारांची वाट बघतायत. ते आले, आबांच्या हातात चावी ठेवली आणि म्हणाले, "आबा, तुमी न्या. सावकाश न्या." आणि पाठ फिरवून निघून गेले.

आबांना घाम फुटला. मंडपात कुजबुज सुरू झाली, आज हवालदारानं नक्की घेतली. गाडी निघाली, आणि चारचौघांनी मला पुढे घातलं, "अण्णा, जावा, वास घ्या."

घरामागच्या पडवीत हवालदार पालथ्या बादलीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "घ्या." पण त्यांना श्वास धड सोडता येत नव्हता. हुंदका मधेच अडकत होता. मी खाली जमिनीवर टेकलो.

"अहो, वर्षभर त्या लायसनसाठी जीव टाकलात, आणि आज चावी आबांना दिलीत?"

"सोडाय न्हाई काढलं लायसन."

"मग कशाला?"

"आणाय काढलंय. सुमीला भाऊ न्हाई, अण्णा. पंचमीला मुऱ्हाळी कोण जाणार तिच्याकडं?"

नागपंचमीसारख्या सणाला सासरहून मुलीला आणायला माहेरचा मुऱ्हाळी जातो. बहुतेक भाऊच. ज्या पोरीला भाऊ नाही ती दाराशी उभी राहून दुसऱ्यांचे मुऱ्हाळी बघते. हे मला माहीत होतं, पण सुमनच्या बाबतीत कधी सुचलं नव्हतं.

"समद्या पोरी सासरच्या दारात उतरताना एकच इचारतात," हवालदार बोलत राहिले. "काका, न्यायला तुमीच याल नव्हं? मी म्हनतो, व्हय, येतो. न्हाई म्हनून कसं चालंल? आन् मोकळी गाडी घिऊन माघारी. कवा कुणाला आणाय गेलो न्हाई. मंगल तर जीपची दांडीच सोडंना. म्हनली, दादा मुंबईला गेलाय, त्यो काय येत न्हाई, काका तुमी या. तिला बी म्हनलो, येतो. वाटंत मागं वळून बघितलं, मागची सीट मोकळी. मंग मला काय गाडी चालवंना."

 माझे डोळे भरून आले होते. मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलो.

श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी, हवालदार पहाटेच जीप घेऊन जतला गेले. दुपारपर्यंत परत यायला हवे होते. दुपार टळली, चार वाजले, पाच वाजले. आबा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. "गेलं लायसन," ते म्हणाले. "माझी जीप बी गेली." माझंही लक्ष दुकानात नव्हतं. अंधार पडायच्या बेताला ओढ्याच्या पलीकडून हॉर्न ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग गाणी.

जीप आली ती जीप म्हणून ओळखूच येत नव्हती. पुढे सुमन आणि तिच्या मांडीवर दुसरी कोणीतरी. मागे पोरीच पोरी, फळीवर पोरी, बॉनेटवर ट्रंका. कवठ्याला दिलेल्या दोघी बहिणी होत्या. मिरजेची वाकडी वाट करून आणलेली मंगल होती, तिच्या कडेवर तान्हं बाळ. ज्या ज्या दारात "येतो" म्हणून सांगितलं होतं, त्या त्या दारात हवालदार उभे राहिले होते. पंचमीची गाणी म्हणत जीप चौकात थांबली, आणि घराघरांतून आया धावत सुटल्या. हसणं-रडणं सगळं एकच झालं. सुतारांच्या म्हातारीनं तर बाळाच्या आधी हवालदारांच्याच तोंडावरून हात फिरवला.

मी जवळ गेलो. खाकी शर्ट घामानं भिजलेला, चेहरा धुळीनं माखलेला.

"अहो हवालदार, केवढी ही भरती! तासगावच्या चौकात पोलिसानं अडवलं असतं म्हणजे? लायसन गेलं असतं की परत!"

हवालदार स्टेअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते. आयांच्या गळ्यात पडलेल्या पोरींकडे ते एकेक करून बघत होते.

"जाऊ द्या की, अण्णा," ते म्हणाले. "आता समद्या पोचल्यात."