थोरल्या दिरासमोर खुर्ची

पुष्पावतीचं लंडनहून पत्र आलं तेव्हा सहादेवला फार आनंद झाला. पण तो पहिल्या पानापुरताच टिकला. पहिल्या पानावर होतं, की माघात तिचं पहिलंवहिलं बाळंतपण आहे, इकडं करणारं कुणी नाही, आईला पाठव, तिकीट सोबत आहे. पुढची चार पानं जावईबापूंची होती, आणि जावईबापू डॉक्टर होते. ‘इतके तास पाय लोंबते ठेवून बसलं की वयस्कर माणसाचे पाय सुजतात. आईंना खुर्चीची सवय करा. तासातासाला उठवून चालवा. पाणी भरपूर पाजा. विमानात कमरेला पट्टा बांधतात, त्याला भिऊ देऊ नका.’ आणि खाली लाल शाईनं दोन रेघा ओढून, ‘पाय सुजता कामा नयेत.’

हे काही डॉक्टरी खूळ नव्हतं. केशरबाई नुसत्या एस्टीनं नगरला जाऊन आल्या तरी त्यांचे पाय सुजायचे, आणि मग दोन दिवस भिंत धरून चालायच्या. अशा पायांनी लंडनला पोचून बाळंतिणीचं काय करणार, कपाळ?

पण सवय करायची म्हणजे खुर्चीवर बसायला हवं, आणि केशरबाई जन्मात खुर्चीवर बसलेल्या नव्हत्या. देवळाली प्रवरेच्या त्या घरात खुर्ची होती, पण ओसरीवर आबाही होते. आबा म्हणजे पुंजाराम, सहादेवचे चुलते आणि केशरबाईंचे थोरले दीर. वय ऐंशी. थोरल्या दिरासमोर बाईमाणसानं उंचावर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही त्या घरातली रीत. केशरबाईंचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. आबांना चहा हवा असला की ते ओसरीच्या खांबाकडं बघून म्हणायचे, “चहा झाला असंल तर बरं हुईल.” खांब आपला गप्प. चहा मात्र यायचा.

सहादेव साखर कारखान्यात टाइमकीपर होता. त्यानं दहा दिवसांची रजा काढली आणि खुर्ची माजघरात मांडली.

“बस, आई.”

“आबा हायेत.”

“आबा वसरीला हायेत. मधी भिंत हाय चांगली हातभर.”

“खोकला आईकू येतोय की.”

आणि आबांचा खोकला म्हणजे काय विचारता! खोकला आला की केशरबाई पदर ओढून सरळ जमिनीवर. तासाभरात सात वेळा बसल्या आणि सात वेळा उतरल्या. सहादेवनं कपाळावर हात मारला आणि खुर्ची उचलून मागच्या गोठ्यात नेली.

गोठ्यात आबांचा खोकला पोचत नव्हता. म्हशीची लाज धरायचं कारण नव्हतं. केशरबाई बसल्या! पट्ट्याची भीती जावी म्हणून सहादेवनं म्हशीचं एक जुनं दावं त्यांच्या कमरेला सैलसर गुंडाळलं. तासातासाला तो दावं सोडायचा, उकिरड्याला दोन फेऱ्या मारवायचा, तांब्याभर पाणी पाजायचा आणि पुन्हा बसवायचा. सहा दिवस झाले, पायाला सूज म्हणून नाही. सहादेवला वाटलं, जिंकलं. माणसानं असं कधी समजू नये.

सातव्या दिवशी शेजारची बनुबाई ताक मागायला मागच्या दारानं आली. बघते तर केशरबाई म्हशीशेजारी दाव्यानं बांधलेल्या, आणि सहादेव तांब्या घेऊन समोर उभा. “पी म्हनतो ना! सगळा पी!” बनुबाई ताकाचं भांडं तिथंच टाकून पळाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, केशरबाईला बाहेरची बाधा झाली, पोरानं गोठ्यात बांधून घातली. कारखान्यावर ऊसतोडीला आलेली माणसं तिसगावकडची, आणि केशरबाईंचं माहेर तिसगाव. बातमी पोचायला कितीसा वेळ?

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दारात ट्रक थांबला. त्यातून केशरबाईंचे भाऊ सूर्यभान उतरले आणि मागून काठ्या घेतलेले पाचजण.

“सहाद्या, भाईर ये! माझी भन बांधतोस व्हय रं?”

“मामा, आवं ती तालीम हाय. इमानात बसायची.”

“इमानात बसाया म्हशीचं दावं लागतं? मला शिकवतो?”

“दादा, मला कुनी न्हाई बांधलं,” केशरबाई दाराआडून म्हणाल्या. “मीच बसते तिथं.”

“बघा! पोरगं पढवंल तसं बोलती बिचारी!” मामांचे डोळे भरून आले. “खरं आसंल तर बसव तिला खुर्चीवर. हितं, आमच्यासमोर.”

सहादेवनं धावत जाऊन खुर्ची आणली आणि ओसरीवर मांडली. केशरबाई बाहेर आल्या. बाजेवर आबा होते. केशरबाईंनी पदर पुढं ओढला आणि खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसल्या.

“आता बोल!” मामा गरजले.

“आबा हायेत म्हनून, मामा! आबा नसले की बसती ती!”

काठ्या खाली झाल्या. रीत तिसगावातही तीच होती, मामांना एकदम पटलं. पण मामा डोक्यानं वाईट नव्हते, हेच त्या दिवशी वाईट झालं.

“आन् इमानात शेजारी आबांवानी एखादा म्हातारा आला तर गं?”

“मंग खाली बसंन की,” केशरबाई म्हणाल्या. “खाली जागा आसंलच.”

सहा दिवसांत हे सहादेवच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आई, इमानात खाली बसू देत न्हाईत गं!”

“मंग मी न्हाई जात.”

“पुष्पाचं कोन करनार? परमुलखात एकटी हाय ती!”

केशरबाई रडायला लागल्या, पण मान हलवायच्या काही थांबल्या नाहीत. सहादेव पायरीवर बसला तो बसलाच. सहा दिवसांची मेहनत, आलेलं तिकीट, अवघडलेली बहीण, सगळं त्या चार पायांच्या खुर्चीपाशी येऊन अडलं होतं. शेवटी तो उठला आणि त्यानं आबांचे पाय धरले.

“आबा, तुमीच सांगा तिला. तुमी सांगितल्याबिगर ती न्हाई ऐकायची.”

आबा खांबाकडं बघत होते. मग त्यांनी खांबावरची नजर काढली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा भावजयीकडं वळले.

“केशरबाई,” आबा म्हणाले, “बस त्या खुर्चीवर. लंडन येस्तवर बस.”

केशरबाई उठल्या आणि खुर्चीवर बसल्या. मामांनी डोळे पुसले. सहादेव तर लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी मुंबईला विमानतळावर सहादेव दहादा म्हणाला, “आई, तासातासाला ऊठ बरं का. पानी पी.” केशरबाईंनी दहादा मान हलवली. विमान उडालं आणि सहादेव घरी येऊन दोन दिवस झोपला.

पंधरा दिवसांनी पुष्पावतीचं पत्र आलं.

‘दादा, आई पोचली. सीटवर बसूनच आली. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक आजोबा होते, तरी खाली उतरली नाही. विमान वाटेत दोनदा थांबलं, सगळे उतरले, ही हलली नाही. हवाईसुंदरीनं हात जोडले, आजोबांनी हिंदीतून समजावलं. उठावं लागेल म्हणून हिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मी विचारलं, दादानं उठायला सांगितलं होतं ना? तर म्हणते, सहादेव पोरगं हाय, थोरल्या दिरांनी बस म्हटलं हुतं. पाय असे सुजलेत की मोजेही चढत नाहीत. नववा भरलेली मी तिचे पाय शेकतेय, ताट तिच्यापुढं नेऊन ठेवतेय. हे तर माझ्याशी बोलतच नाहीत.’

सहादेवनं पत्र दोनदा वाचलं आणि तसाच ओसरीवर गेला. त्यानं आबांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी त्याला राहवेना.

“आबा, बस म्हनलात, लई उपकार झाले. पन ‘मधनंमधनं ऊठ’ एवढं म्हनायला काय झालं हुतं?”

आबांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं फारच मागितलं होतं.

“चाळीस वर्सांत एकदा बोललो, सहादेव,” ते म्हणाले. “त्यात किती बोलायचं?”