सत्तावन्न फुटांचा डबा, तिसऱ्या मजल्यावरून

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर हसू उशिरा पोचेल! एका सज्जन माणसाने, कोणाचंही वाईट न चिंतता, एका सकाळीत अख्खी गल्ली रस्त्यावर कशी आणली, ती गोष्ट आज सांगतो.

हा सज्जन माणूस म्हणजे कवळीकाका. उभा जन्म लोकांच्या कवळ्या घडवल्या, म्हणून हे नाव. काका निवृत्त झाले, पण बोटं काही निवृत्त होईनात. देवाने दिलेली बोटं, त्यांना काम हवं! मग काकांनी आगगाडीचे डबे करायला घेतले. खेळण्यातले म्हणालात तर काका तुमच्याशी बोलणं टाकतील. हे ब्रिटनमधल्या शंभर वर्षांपूर्वीच्या डब्यांचे नमुने, मूळ नकाशांवरून, एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात केलेले. यंदाचा डबा तिसऱ्या वर्गाचा, सागवानी अंगाचा. त्याला तीन वर्षं लागली होती. दारांच्या मुठी मुंगीच्या डोक्याएवढ्या, आणि आत सामान ठेवायची जाळी काकूंच्या नव्याकोऱ्या मच्छरदाणीची. डास त्या भोकातून अजून येतात.

या छंदातल्या मंडळींची एक खोड असते. डबा असतो वीतभर, पण माप सांगतात ते खऱ्याचं. सत्तावन्न फूट लांब, साडेआठ फूट रुंद, वजन सत्तावीस टन! आपापसांत सगळे असंच बोलतात, आणि कोणी हसत नाही.

रविवारी प्रदर्शन होतं. नोंदणी सकाळी दहापर्यंत. मागच्या वेळी टॅक्सी खड्ड्यात आपटली आणि काकांच्या डब्याचा हॉलच्या दाराशी पोचेपर्यंत भुसा झाला होता. तेव्हापासून काका ते दुःख आवंढ्यासारखं गिळत होते.

"यंदा धक्का म्हणून लागू देणार नाही!" काकांनी घोषणा केली. "नाजूक माल हलवणारी मोठी कंपनी शोधलीये. हवेवर तरंगणारं सस्पेन्शन!"

"अहो, मी मांडीवर घेऊन बसते ना," काकू म्हणाल्या.

"तुझी मांडी उचकीनेसुद्धा हलते!"

आणि काकांनी फोन लावला.

"लांबी?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरात इतक्या वर्षांत कोणी लांबी विचारली नव्हती!

"सत्तावन्न फूट."

"वजन?"

"सत्तावीस टन. सागवानी आहे, जपून."

"उचलायचा कुठून?"

"घरून. तिसरा मजला."

"मग क्रेन लागेल, काका."

काका खुदकन हसले. ही पोरगी आपल्यातलीच! मापाला माप देतेय! "आणा की! मोठी आणा!"

"आणि पुढे एक जीपसुद्धा लागेल, लाल दिव्याची."

"वा! दिव्याशिवाय शोभा नाही!" फोन ठेवून काका काकूंना म्हणाले, "बघ, जाणकार माणसं अजून आहेत जगात."

रविवारी सकाळी नऊला गल्लीत भूकंप झाल्यासारखा आवाज झाला. काकांनी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली ट्रेलर उभा होता. एवढा लांब, की त्याचं तोंड औषधाच्या दुकानाशी आणि शेपूट शाळेपाशी. मागे जिराफासारखी मान काढून क्रेन. वीजखात्याचा माणूस शिडी लावून तारा सोडवत होता.

"तिसरा मजला कुठला?" ट्रेलरवाल्याने भोंग्यातून विचारलं. "सत्तावीस टनाचा माल काढायचाय!"

झालं! काकांच्या घराच्या अगदी खाली मास्तर राहायचे. ते बनियनवरच गॅलरीत आले. "सत्तावीस टन? माझ्या डोक्यावर? तरीच छताला तडा गेलाय!"

"अहो मास्तर, तो तडा जुना आहे..."

"वजनसुद्धा जुनंच असेल!"

तळमजल्याच्या मावशींनी यातलं अर्धंच ऐकलं आणि जिन्यात जाऊन ठणाणा केला, "इमारत कोसळतेय! बाहेर पडा!" पाच मिनिटांत सगळी इमारत रस्त्यावर. कोणी गादी आणली, कोणी पोपटाचा पिंजरा. मास्तरांनी फक्त कपाटाची किल्ली आणली, आणि कपाट वर राहिलं म्हणून तिथेच रडू लागले.

या गर्दीतून कवळीकाका एक खोकं छातीशी धरून खाली उतरले. चपला उलटसुलट, चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा.

"काका, डबा कुठाय?" ट्रेलरवाल्याने विचारलं.

काकांनी खोक्याचं झाकण उघडलं.

गल्ली एवढी शांत झाली, की पोपटसुद्धा गप्प बसला!

ट्रेलरवाला आडदांड माणूस, मिशा झाडूसारख्या. पहाटे चारला निघालेला. त्याने खिशातून टेप काढून डब्याला लावला. "नऊ इंच," तो म्हणाला.

"प्रमाणात सत्तावन्न फूट भरतं हो," काका पुटपुटले.

आता हा गळाच धरणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो खाली वाकला आणि एक डोळा मिटून इवल्या खिडकीतून आत बघत राहिला. "आत बाकं आहेत," तो हळूच म्हणाला. "बाकांवर गाद्या आहेत! काका, हे तुम्ही केलंत?"

"हो. पण आता काय उपयोग? साडेनऊ झाले, गल्ली तुंबली. टॅक्सी यायची कुठून?"

"टॅक्सी कशाला? कागदावर 'माल पोचवला' अशी सही हवीये मला. चढा वर!"

तेव्हा सोळा चाकांच्या ट्रेलरवर, मधोमध, नऊ इंचांचा डबा चार साखळ्यांच्या मध्ये बसला. शेजारी मांडी घालून काका. मागे लाल फडकं, पुढे लाल दिवा. चौकाचौकात लोक थांबून बघत, आणि बघण्यासारखं काही न दिसल्यामुळे आणखी निरखून बघत! हादरा मात्र एवढाही नाही.

दहाला पाच कमी असताना ट्रेलर हॉलच्या फाटकात शिरला. काकांनी डबा परीक्षकांच्या टेबलावर ठेवला, आणि काकांच्याच तोंडचं पाणी पळालं. डब्याला चाकंच नव्हती! चाकांचे दांडे वाकू नयेत म्हणून ती रात्री काढून वेगळी बांधली होती. काकांनी घरी फोन केला.

"अगं, टेबलावर कवळीची डबी आहे!"

"तुमच्या तोंडात आहे ना कवळी?"

"तिच्यात चाकं आहेत गं! धावत ये!"

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "चाकांशिवाय डबा अपूर्ण. नियम म्हणजे नियम. फाटक बंद झालं की नोंदणी बंद." आणि ते रखवालदाराला म्हणाले, "लाव रे फाटक!"

"लावा की साहेब," बाहेरून ट्रेलरवाला म्हणाला. "पण मध्ये माझी गाडी आहे."

"मग काढा ती!"

"काढतो ना. पण लांब गाडी, सावकाश काढावी लागते. अर्धा तास धरा." आणि गाडी हाकण्याच्या पंचेचाळीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट त्याने केली. उतरून एकेक करून सोळाही चाकांची हवा तपासली! बाराव्या चाकाशी तो पोचला, तेव्हा क्रेनवाल्याच्या शेजारी बसून काकू आल्या. हातात डबी, पदर खोचलेला. काकांनी चाकं बसवली. डबा रुळावर ठेवला. तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाज न करता, लोण्यावरून सुरी जावी तसा गेला. काकांनी डोळे पुसले. परीक्षकांनी नाव लिहून घेतलं.

पहिला नंबर? तो आला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचा. त्याने डबा मांडीवर ठेवून आणला होता, बायकोच्या. ते जाऊ द्या.

माझं मागणं एवढंच. रस्त्यात पुढे कधी लांबलचक ट्रेलर मुंगीच्या पावलाने चालला असेल, तर भोंगा वाजवू नका. त्या मिशीवाल्याची आठवण करा, आणि देव त्याला सुखात ठेवो असं मनातल्या मनात म्हणा. कुणास ठाऊक, त्यावर मधोमध कोणाचा तरी तीन वर्षांचा जीव बसलेला असेल.