चिंचेने घासलेली अर्धी पेनी

एका जंगलात, शके अठराशे नव्वदच्या चैत्र वद्य पंचमीला, ऊन फार होतं. मुलांनो, तिथी लक्षात ठेवा. पुन्हा सांगणार नाही.

त्या जंगलात एक डुकरीण राहत होती. नुकतीच व्यालेली. जमीन दगडासारखी झाली होती आणि अंगात बळ नव्हतं. कंद उकरता येईनात. म्हणून तिने साळिंदराकडून दोन टोपल्या कंद उसने घेतले आणि आपलं डबकं गहाण ठेवलं. अक्षय्य तृतीयेपर्यंत कंद परत केले नाहीत, तर डबकं साळिंदराचं.

साळिंदर काही चिखलात लोळत नाही. त्याला डबक्याचा उपयोग नव्हता. सावकाराला उपयोग लागत नाही.

पंचमीला डुकरिणीला वडाच्या मुळाशी एक काळं नाणं सापडलं. त्यावर एक डुकरीण होती आणि तिची पिल्लं. ती ते घेऊन टकाचोराकडे गेली. टकाचोर हा पक्षी. नाव असं असलं तरी तो चोरी करत नसे. जुनी नाणी घ्यायचा आणि विकायचा. त्याला तेवढं पुरत होतं.

“काकू, हे आयर्लंडचं,” तो म्हणाला. “अर्धी पेनी. साल एकोणीसशे अठ्ठावीस.”

“आयर्लंड कुठल्या डोंगरापलीकडे?”

“फार लांब. तिकडे नाण्यावर राजा नसतो, जनावरं असतात. घोडा, बैल, कोंबडी, डुकरीण.”

“शहाणी माणसं,” डुकरीण म्हणाली. “किती कंद येतील?”

“पाच टोपल्या. अमावास्येला तरसशेठ येतात. त्यांना जुन्याचा नाद आहे. तोवर नीट ठेवा.”

नीट ठेवा म्हटल्यावर डुकरिणीने काय केलं? तुमच्या आया सणाला तांब्याच्या भांड्यांचं करतात तेच. चिंच लावली, राख लावली आणि पोरांना घासायला बसवलं. मळकी वस्तू परक्यासमोर ठेवू नये, असं तिला सासूने शिकवलं होतं. नाणं लखलखलं.

दुसऱ्या दिवशी टकाचोराने ते पाहिलं. तो फांदीवरून खाली उतरला.

“काकू, हे काय केलंत?”

“धुतलं.”

“अहो, किंमत मळाचीच होती. चाळीस वर्षांचा मळ. घासलेल्या नाण्याला शेठ हातसुद्धा लावत नाहीत.”

डुकरीण नाणं घेऊन घरी परतली. जन्मभर चिखलात लोळली आणि एकदाच स्वच्छतेच्या नादी लागली. तेही परमुलखाच्या वस्तूपायी.

संध्याकाळी साळिंदर येऊन डबक्याची लांबी पावलांनी मोजू लागला. “तुमचं चालू द्या, वहिनी,” तो म्हणाला. “मी नुसता बघतोय.”

डुकरीण उठली आणि तडक टकाचोराच्या झाडाखाली गेली.

“मळच हवा ना? माझ्याकडे काय कमी आहे?”

“ताजा नाही चालत, काकू. जुना लागतो.”

“डबकं माझ्या पणजीचं आहे. त्यात आजवर कुणी पाय धुतलेला नाही.”

टकाचोराने मान तिरपी केली. हिशोब करताना तो तशी करतो.

“मी काही ऐकलं नाही,” तो म्हणाला. “खोल पुरा.”

अमावास्येला तरसशेठ आले. त्यांनी चित्र पाहिलं नाही. साल वाचलं नाही. नाण्याला नाक लावलं आणि डोळे मिटले.

“खानदानी मळ आहे,” ते म्हणाले.

पाच टोपल्या आल्या. एक टकाचोराने दलाली म्हणून ठेवून घेतली. दोन डुकरिणीने तशाच साळिंदराच्या बिळापुढे नेऊन ठेवल्या. साळिंदराने कंद उलटेपालटे करून पाहिले. खोट सापडली नाही. कर्ज फिटलं.

तात्पर्य: घाण वेळेवर काढली नाही की तिची परंपरा होते, आणि परंपरेला गिऱ्हाईक मिळतं. तुम्ही मात्र हातपाय धुऊनच जेवायला बसा. तुम्हाला कोणी विकत घेणार नाही.