माणिकबाईची वरात आणि अद्रक

राजेहो, अकोल्याच्या माणिकबाईनं तीन पोरं उजवली, पण एकाचीही वरात उशिरा पोचू दिली नाही! चौथ्या स्वप्निलचं लग्न अमरावतीला ठरलं, तेव्हा व्याहीण पार्वताबाई फोनवर बोलून गेली, "अकोल्याची वरात म्हनजे आमी आधी जेवूनच घेतो!"

"मुहूर्त बारा पस्तीसचा ना? साडेबाराच्या आत मी तुमच्या दारात! घड्याळ लावून घ्या!" माणिकबाईनं ठणकावलं.

बारा वाजता वरात मांडवापासून दोनशे पावलांवर आली आणि मैना घोडी थांबली. थांबली ती थांबलीच! बँडवाल्यांचे गाल फुटायला आले, घोडी मैलाच्या दगडासारखी! वर स्वप्निल घामानं निथळून राहिला.

"काहो इनायतुल्ला, ही घोडी हाय का पुतळा?" माणिकबाई कडाडली.

"बाईसाब, सुबेसे तीसरी बारात है. पानी लाता, जरा सबर करो," म्हणत घोडीवाला बादली घेऊन गेला.

मुहूर्त सबर करतो का? शेजारी नात आचल उभी होती. इंग्रजीत एम.ए. करून राहिलेली.

"आजी, याले इंग्रजीत शब्द हाय, जिंजर अप. मरगळल्यात जान आणणं. जिंजर म्हनजे अद्रक."

"अद्रकीचा अन् घोडीचा काय संबंध वं?"

आचल कानाशी आली. "तिकडं जुने घोडे विकणारे थकल्या घोड्याच्या शेपटीखाली अद्रक सरकवत. घोडा असा नाचे, का गिऱ्हाईक फसलंच! त्यावरून तो शब्द पडला म्हनतात."

"अन् हे मले आता सांगून राहिली?"

"आजी, अर्थ सांगितला! करायचं नाही!"

पण दुसरीत शाळा सोडलेल्या माणिकबाईला एक सवय होती. विद्या मिळाली की ती तिथंच वापरायची! कोपऱ्यावरच्या चहावाल्याची मूठभर अद्रक उचलली, पदर खोचला आणि शेपटीला हात घातला.

मैनेनं मान वळवली. वास घेतला. हातातला तुकडा ओठांनी अलगद उचलला, कुडुमकुडुम खाल्ला आणि आणखी मागू लागली! माणिकबाई दचकून पुढं पळाली. घोडी तिच्या मागं!

"चली! बाईसाब, रुकना मत!" इनायतुल्ला बादली टाकून ओरडला.

पाठ फिरवली की मैना थेट अंबाड्याला तोंड लावी. म्हणून माणिकबाई घोडीकडं तोंड करून, अद्रक नाचवत, उलट्या पावली चालली. गजरा लोंबला, पदर धुळीत. बँडवाल्यांना वाटलं, वरमाय नाचून राहिली! त्यांनी चाल वाढवली.

मांडवाच्या दारात पार्वताबाई ओवाळायला उभी. पुढ्यात आली ती कोण्या बाईची पाठ.

"बारा बावीस! मानलं बुवा अकोल्याले!" पार्वताबाई म्हणाली. "अन् घोडीवाली तर लयच गुनाची! काहो बाई, वरमाय कुठं राहिली?"

माणिकबाईनं पदर नाकापर्यंत ओढला. मान काही वळवली नाही.

"येऊन राहिली मागून."