संध्याकाळी सातचे कोवळे ऊन

माणूस हा मुळात दिवसा जागण्यासाठी आणि रात्री झोपण्यासाठी घडवला गेला आहे, याबद्दल रात्री झोपणाऱ्या सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे. राहता राहिले रात्री जागणारे. त्यांचे मत घ्यायचे तर दिवसा घ्यावे लागते आणि दिवसा ते झोपलेले असतात. त्यामुळे या विषयात मतभेद असे कधी झालेच नाहीत.

आमच्या पार्सल केंद्रात रात्री दहा ते सकाळी सहा अशी पाळी चालते. लोकांनी रात्री बारापर्यंत घरबसल्या मागवलेली वस्तू सकाळी आठच्या आत त्यांच्या दारात असावी, म्हणून बेचाळीस माणसे रात्रभर खोकी उचलतात, तोलतात आणि ज्या त्या भागाच्या पिंजऱ्यात टाकतात. मी त्यांच्यातला नाही. मी दिवसपाळीचा कारकून असून रात्री साडेदहाला अंथरुणावर असतो. 'रात्रपाळी ऊर्जा व जीवनशैली सुधार योजने'चा अहवाल लिहायला माझी निवड झाली ती याच गुणावर. ताज्या डोक्याचा माणूस हवा होता.

या योजनेचा उगम काटेवाले काकांच्या झोपेत आहे. काका एकोणीस वर्षे रात्रीच्या वजनकाट्यावर बसतात. त्यांची स्वतःची एक पद्धत होती. रात्री साडेआठला बायको आणि मुलीबरोबर गरम जेवायचे, सव्वानऊला घर सोडायचे, दोन वाजता आपल्या सुट्टीत रिकाम्या पोत्यांवर वीस मिनिटे डोळे मिटायचे, उठून एक केळे आणि पेलाभर पाणी, चारनंतर चहा नाही. सकाळी ते घरी पोहोचले की काकू दाराच्या बेलची वायर काढून ठेवत आणि काका दुपारी दोनपर्यंत घोरत. ही पद्धत त्यांनी कुणालाही न विचारता बसवली होती, त्यामुळे ती शास्त्रीय नव्हती. (ती एकोणीस वर्षे चालली, हा योगायोग मानण्यात आला.)

एकदा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी थोरले साहेब अचानक तपासणीला आले. (या अचानक तपासणीचे परिपत्रक चार दिवस आधी लागले होते.) त्यांना काका पोत्यांवर झोपलेले दिसले. साहेब रागावले असते तर पाच मिनिटांत भागले असते. पण साहेबांनी नुकतेच आरोग्यावरचे एक जाडजूड पुस्तक वाचले होते, त्यामुळे त्यांना दया आली. दया आली की आमच्याकडे समिती नेमतात.

समितीने एक जीवनशैली सल्लागार बाई आणल्या. त्यांना 'कोच' म्हणायचे होते, सगळे 'कोचबाई' म्हणू लागले. बाई हुशार. त्यांच्याकडे दिवसपाळीच्या अधिकाऱ्यांसाठी केलेला दिनक्रमाचा एक तक्ता तयारच होता आणि तो फार नावाजलेला होता. वेळ कमी असल्यामुळे समितीने तोच तक्ता घेतला आणि सरसकट बारा तास पुढे ढकलला. सकाळचे खोडून संध्याकाळचे केले, दुपारचे खोडून रात्रीचे. काम इतके चोख झाले की बाकी एका शब्दालाही हात लावावा लागला नाही. मंजूर तक्ता असा :

संध्याकाळी सहा : उठणे. दात घासताना आयुष्यातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवणे.
संध्याकाळी सात : कोवळ्या उन्हात पंधरा मिनिटे उभे राहणे.
रात्री आठ : भरपेट नाश्ता. मोड आलेली कडधान्ये, सात बदाम.
रात्री एक : दुपारचे जेवण. अर्धे ताट कच्च्या भाज्यांचे. नंतर मोकळ्या हवेत शतपावली.
सकाळी आठ : रात्रीचे हलके जेवण, सहकुटुंब, हसतखेळत.
सकाळी दहा : शांत, अंधाऱ्या खोलीत झोप.
डुलकी : कोणत्याही वेळी सक्त मनाई.

संध्याकाळी सात वाजता ऊन कुठून आणायचे, अशी शंका एका सदस्याने काढली. (त्यांना पुढच्या बैठकीचे बोलावणे गेले नाही.) त्यावर एक भलामोठा पांढरा दिवा खरेदी करण्यात आला. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद 'सूर्य, नग एक, स्टँडसह' अशी आहे, अक्षर माझेच. दुसऱ्याच आठवड्यात त्याचा स्टार्टर गेला तेव्हा फळ्यावर सूचना लागली : 'सूर्य दुरुस्तीस पाठवला आहे. तोपर्यंत उभे राहण्याची सवय मोडू नये.'

शतपावलीचाही थोडा घोळ झाला. रात्री दहानंतर आवारात कुणी फिरताना दिसल्यास शिट्टी वाजवायची, असा वॉचमनला जुना हुकूम होता आणि तो माणूस हुकमाचा ताबेदार. पहिल्या रात्री त्याने एकेचाळीस वेळा शिट्टी वाजवली. काका शतपावलीला गेलेच नाहीत, ते काट्याला टेकून उभे होते. शेवटी शतपावलीचे पास छापले.

पाळी दहाची असली तरी ऊन सातचे असल्यामुळे हजेरी सातला लागू लागली. इथे काकांचे घोडे अडले. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची. सकाळी साडेसहाला ती घराबाहेर पडते, काका पावणेसातला घरी येतात. शाळा आणि क्लास करून ती संध्याकाळी साडेसातला परत येते. म्हणजे बापलेकीची भेट साडेसात ते सव्वानऊ, त्यातही निवांत अशी जेवणाच्या पाटावर. आता काकांना उन्हासाठी सव्वासहालाच निघावे लागे. आठवड्यातले सहा दिवस मुलीला बापाचे फक्त धुवायला टाकलेले कपडे दिसू लागले.

काकांनी अर्ज केला. तो माझ्याकडे आहे. त्यात लिहिले आहे, 'मला सूर्य नको. मला साडेआठला घरी जेवू द्यावे. बाकी सर्व बदाम मी खाईन.'

समितीने त्यांना चर्चेला बोलावले. सकाळी अकराला.

"काका, तुम्हाला ऊर्जा नको आहे का?" कोचबाईंनी फार मायेने विचारले.

"होती की, बाई," काका म्हणाले. "योजनेच्या आधी होती."

"आणि कुटुंबासोबत जेवण तर तक्त्यात आहेच. सकाळी आठला."

"आठला घरात मी आणि मांजर. बायको कामाला जाते, पोरगी शाळेत."

इतिवृत्तात मी 'कुटुंबासोबत जेवण : होते' असे नोंदवले. छापील फॉर्मवर या प्रश्नापुढे 'हो' आणि 'नेहमी' असे दोनच पर्याय होते.

योजना यशस्वी झाली का, हे आम्ही मोजूनच सांगतो. दर दोन तासांनी प्रत्येकाने आपली ऊर्जा एक ते दहामध्ये लिहायची होती. पाचच्या खाली आकडा गेल्यास सकाळी अकराला समुपदेशन. पहिल्या दोन रात्री आकडे वरखाली झाले. तिसऱ्या रात्रीपासून एकेचाळीस माणसांची ऊर्जा आठवर आली आणि तिथेच राहिली. एवढी स्थिर ऊर्जा वीज मंडळालाही जमलेली नाही. एकटे काका 'चार' लिहीत. त्यामुळे सरासरी सात पूर्णांक नऊ येई आणि आलेख दिसायला वाईट दिसे.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "आठ लिहा ना काका. कोण बघतंय?"

"एकोणीस वर्षं काट्यावर बसतोय, साहेब," ते म्हणाले. "जे दिसतं ते लिहायचं. एवढंच येतं मला."

चार लिहिल्याबद्दल अकराचे समुपदेशन. त्यात झोप मोडल्यामुळे दुसऱ्या रात्री तीन. तीनसाठी दोन समुपदेशने. मग दोन. पाठपुरावा यालाच म्हणतात.

एका संध्याकाळी त्यांची मुलगी क्लासहून थेट केंद्राच्या फाटकावर आली. खांद्यावर दप्तर, हातात सकाळीच घरून घेतलेला डबा. वॉचमनकडे डब्याविषयी हुकूम नव्हता, त्याने तिला सोडले. सूर्याखाली काकांबरोबर ती जमिनीवरच बसली आणि दोघे जेवले. ती सारखी बोलत होती आणि काका चावायचे विसरून ऐकत होते. मी त्या दिवशी हजेरी तपासायला थांबलो होतो. खोटे कशाला बोलू, मी काकांच्या नावापुढे दोनदा 'हजर' लिहिले.

तेवढ्यात कोचबाईंनी फोटो काढला. तो फोटो आता प्रवेशद्वारावर आहे. खाली लिहिले आहे, 'योजनेने कुटुंबे जवळ आणली.' यश सर्वांना मिळावे म्हणून पुढच्या सोमवारपासून बेचाळीसही कुटुंबांना सातच्या उन्हात हजेरी सक्तीची झाली. एका मदतनिसाची आजारी आई खुर्चीत बसवून आणली, तिला अर्धी उपस्थिती दिली. काकांच्या मुलीचा क्लास सव्वासातला सुटतो. तिची अनुपस्थिती काकांच्या नावावर लागू लागली. तीन अनुपस्थितींनंतर काटा काढून घेण्याची नोटीस निघाली.

ती टाइप करताना मला त्या संध्याकाळचे एक बोलणे आठवत राहिले. डबा झाकता झाकता मुलीने विचारले होते, "बाबा, पण हे सगळं लोकांना सकाळी आठलाच कशाला लागतं?"

हा प्रश्न समितीच्या नऊ बैठकांत एकदाही विषयपत्रिकेवर आलेला नव्हता.

मी ताज्या डोक्याचा माणूस. मी नोंदी काढून पाहिल्या. वस्तू मागवताना दोन चौकटी येतात : 'सकाळी आठच्या आत' आणि 'दोन दिवसांत चालेल'. दोन्हींना पैसे सारखेच. शंभरातले एक्याण्णव जण पहिलीवर बोट ठेवतात. मग मी पार्सल पोहोचवणाऱ्या पोऱ्यांना विचारले. ते म्हणाले, निम्मी खोकी तिसऱ्या दिवशीसुद्धा दारातच दिसतात, चपलांच्या शेजारी, न फोडलेली. या आकड्यांचा तक्ता मी अहवालाला जोडला होता. पाने जास्त होतात म्हणून तो वगळण्यात आला.

नोटीस मिळाली त्या रात्री काकांनी फॉर्मवर पहिल्यांदा 'आठ' लिहिले आणि मुलीची हजेरी 'नेहमी' अशी भरली. नोटीस मागे घेतली गेली, सरासरी बरोबर आठ झाली आणि योजनेला पुरस्कार मिळाला. मलाही प्रशस्तिपत्र आहे. मुलगी मात्र फाटकावर परत आली नाही. दुसऱ्याच्या फोटोत उभे राहिल्यासारखे वाटते, असे ती म्हणाली म्हणे. आता काका कसलीच तक्रार करत नाहीत. फक्त पहाटे तीननंतर काट्याकडे न बघताच त्यांचा हात पार्सलवरही आठ लिहितो.

तुमच्या दारातल्या चपलांच्या स्टँडवर मंगळवारपासून एक खोके पडले आहे. रात्री अकरा चाळीसला तुम्ही ते मागवले होते, पहिल्या चौकटीवर बोट ठेवून. आत गाढ झोपेसाठीची आरोग्यदायी उशी आहे. खोक्यावर वजन आठ किलो लिहिलेले आहे आणि ते चूक आहे, हे मला मान्य आहे. तक्रार करायची असेल तर सकाळी अकराला फोन करा. त्या वेळी काका जागेच असतात, समुपदेशनाची वेळ त्यांच्या अंगवळणी पडली आहे.