म्हात्रे मशीन बंद करत नाहीत

मीरा, ईशान,

आपल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात ज्यांचा अर्धा खांदा दिसतो, ते खालच्या मजल्यावरचे म्हात्रे कुठलीही गोष्ट बंद करून पुन्हा सुरू करत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी त्यांचं बोलणं तोडलं, तर पुढच्या मीटिंगला ते "तर..." म्हणून त्याच अर्ध्या वाक्यापासून पुढे जातात. गार झालेला चहा टाकत नाहीत, त्यावरच गरम ओतून मागतात.

जन्म बोनकोड्याचा, नोकरी जवळच्याच पावणे गावातल्या कारखान्यात, मेंटेनन्सला. तिथे चालू मशीन थांबलं की साहेब ओरडायचा. तो ओरडा अजून त्यांच्या कानात असावा.

माझा कॉम्प्युटर जुना. कॅमेऱ्याची वायर जोडली तरी त्याला पत्ताच नसतो. बंद करून पुन्हा सुरू केला की कॅमेरा सापडतो, हे तुमच्या बाबाने मला कधीच सांगून ठेवलंय. पण मी बटणाकडे बोट नेलं की म्हात्रे ओरडतात, "ओ काकू! बंद नाय करायचा! चालत्या मशीनला नुसता इचारायचा, बाबा रे, कोन नवीन आलाय का बघ."

मग डिव्हाइस मॅनेजर उघडून ते कॉम्प्युटरला स्कॅन करायला लावतात. काही होत नाही. वायर दुसऱ्या पोर्टमध्ये जाते. पुन्हा स्कॅन. "मानूस तरी लगेच वलखतो काय? टाइम द्या त्याला." मी चहा टाकते, कपाटातले टॉवेल पुन्हा घड्या घालून लावते, आणि केव्हातरी तुम्ही दिसता. "हाय ना? बघा!" कॉल संपला की जाताना बजावतात, "कॅमेरा काडून डब्यात ठेवा. धूळ खाईल."

दर रविवारी हेच. खरं सांगते, मी दमते.

मागे एका रविवारी ते तापाने पडले होते. मी एकटीनेच वायर जोडली, स्कॅन केलं. चहाला उकळी यायच्या आत तुम्ही समोर. ईशानने पहिलं काय विचारलं, आठवतंय? "म्हात्रे आजोबा कुठे?"

पुढच्या रविवारी म्हात्रे आले. थोडे वाळलेले, पण शर्ट इस्त्रीचा आणि भांग ओला. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "मंग काकू? माज्याबिगर जमला काय?"

वायर माझ्या हातात होती. त्यांची नात घणसोलीला राहते, रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर. तिला आमच्या जिन्यावर मी कधी पाहिलेली नाही.

"कुठलं जमतंय!" मी म्हटलं. "नुसता आवाज आला, चित्र नाहीच."

"बोललो व्हतो ना!" ते खुशीत खुर्ची पुढे ओढून बसले.

तेव्हा बाबाला सांगा, आतच कॅमेरा असलेला तो नवा लॅपटॉप पाठवू नकोस, आजीला जुन्याची सवय आहे. आणि कॉल लागला की आधी त्या अर्ध्या खांद्याला हाक मारत जा. हाक ऐकली की ते जरा आत सरकतात.

कॅमेरा मी अजून दर रविवारी काढून डब्यात ठेवते. धूळ खाईल.

तुमची,
आजी