दहा वाजून दहा मिनिटं

"चाळीस वर्षांत माझ्या हातचं घड्याळ परत आलेलं नाही!"

हे वाक्य घड्याळजीकाका दिवसातून तीनदा तरी म्हणत. समोर चकचकीत घड्याळांचं शोरूम उघडल्यापासून तर सहा-सहा वेळा म्हणू लागले. ऐकायला मात्र गिऱ्हाइकं उरली नव्हती. ऐकायच्या त्या एकट्या काकू!

"काका, दुरुस्त केलेल्या घड्याळांचे झकास फोटो टाका की मोबाईलवर," पुतणीने फोनवर सुचवलं. "लोक धावत येतील!"

"हात्तिच्या! त्यात काय एवढं?" काकांनी बाह्या सरसावल्या.

सकाळी सातलाच घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजेच काकांच्या दुकानात, फोटोंचा घाट घातला गेला. टेबल खिडकीशी ओढलं. त्यावर बस ड्रायव्हरचं जाडजूड घड्याळ आणि शाळेच्या मोठ्या बाईंचं नाजूक घड्याळ ठेवलं. दोघंही दहाला घड्याळं न्यायला येणार होते. पहिल्या फोटोत काचेवर काकांचं टक्कल उमटलं. दुसऱ्यात बनियन! मग काकांनी काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडलं, त्यामागे लपून मोबाईल रोखला आणि काकूंना खिडकीत पांढरी चादर धरून उभं केलं.

"अहो, हात भरून आले माझे!"

"हलू नकोस गं, उजेड हलतो!"

सेकंदकाटा मात्र कुणाच्या बापाचं ऐकेना. प्रत्येक फोटोत पुसट. काकांनी दोन्ही घड्याळांच्या चाव्या बाहेर ओढल्या आणि त्यांना गप्प केलं. काटे लावले दहा वाजून दहा मिनिटांवर, कारण तसं लावलं की घड्याळ हसतंय असं वाटतं. मागे शोभेला भिंतीवरचं घड्याळ यायचं होतं, म्हणून त्याचाही सेल काढून काटे तिथेच आणून ठेवले.

आणि फोटो असा आला म्हणता! काका स्वतःवरच खूश झाले. दहाच्या सुमारास ड्रायव्हर आणि बाई आले, टेबलावरची आपापली घड्याळं उचलून त्यांनी मनगटावर बांधली, तरी काकांची नजर मोबाईलवरून हटेना.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे. "काका, अगदी काट्याला काटा जुळलाय हो!"

"मग! उगाच नाही चाळीस वर्षं..." काकांची छाती फुगली.

बऱ्याच वेळाने ड्रायव्हर घामाघूम होऊन दारात हजर! "काका, साडेदहाची बस अजून स्टँडवर उभी आहे! प्रवासी मोबाईल दाखवून ओरडत होते. मी म्हटलं, मोबाईल चुकेल, आमच्या काकांचं घड्याळ चुकणार नाही!"

काकांना भरून आलं. त्यांनी ऐटीत भिंतीकडे बोट दाखवलं. "बरोबरच बोललात! आत्ता कुठे दहा-दहा झालेत!"

"दहा-दहा?" काकू आतून ओरडल्या. "अहो, माझा स्वयंपाक होऊन भांडीसुद्धा घासून झाली!"

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. शाळेत मधल्या सुट्टीची घंटाच झाली नव्हती आणि पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. गलका ऐकून समोरचा शोरूमवाला आपल्या दारात येऊन उभा राहिला. काकांचा चेहरा पडला.

"बिघाड नाही हो! फोटोसाठी थांबवली होती! हे बघा, किती सुंदर..." त्यांनी मोबाईल पुढे केला. सकाळपासून फोटो पाहून पाहून त्याची बॅटरी संपली होती.

"फोटो राहू द्या, आधी वेळ लावून द्या!" ड्रायव्हर कळवळला. त्याचा मोबाईल डेपोत जमा, बाईंचा शाळेच्या कपाटात.

काकांनी चाव्या हातात धरल्या आणि थबकले. काटे लावायचे तरी कशावर? घड्याळजीच्या घरात चालू घड्याळ एकही नव्हतं!

काकूंनी दाराकडे मान वळवली. काकांनी घसा खाकरला, उंबऱ्यापर्यंत गेले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच रस्त्यापलीकडे हाक मारली.

"अहो शेठ... जरा किती वाजले, सांगता का?"